आकाराम मिस्त्रीची फुंकर

१

आकाराम मिस्त्रीची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला ती सांगायला दहा जण पुढं सरसावतील. गोष्ट अशी की, गंगावेशीकडच्या एका बोळात बंदुकांचा मिस्त्री होता, सगळ्या जिल्ह्यात नावाजलेला. एकदा त्याच्याकडं एक ठासणीची बंदूक आली. ती भरलेली आहे का रिकामी, हे बघायला शहाण्यानं नळीला तोंड लावून फुंकर मारली, चुलीत फुंकणीनं मारतात तशी. आणि बंदुकीनं उलटी फुंकर मारली. इथं सांगणारा थांबून चहाचा घोट घेतो आणि ऐकणारे हसतात.

गोष्ट बोळातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती गावोगाव फिरून आली. कागलच्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती हसऱ्या तोंडांच्या रांगेसकट फिरली, आणि तिथं मिस्त्री बंदुकीतून विडी पेटवत होता. इचलकरंजीत एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यानं ती खुद्द संयोगितालाच रंगवून सांगितली. त्याचा मिस्त्री दारू प्यायलेला होता.

संयोगितानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हातातली जिलेबी ताटात ठेवून तिनं विचारलं, "पावणं, तुमी हुता काय तितं?"

"न्हाय, पर समद्यांस्नी म्हाईत हाय की."

"मी हुते. माझा बाप हुता त्यो."

पाहुणा जेवण अर्धवट टाकून हात धुवायला गेला, तो परत आला नाही.

संयोगिता आकाराम मिस्त्रीची एकुलती मुलगी. बापामागं तिनं दुकान बंद केलं नाही. परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि दारावरची पाटी नव्यानं रंगवली, त्यात बापाचं नाव आधीपेक्षा मोठं काढलं. ज्याला हसायचं आहे त्यानं पाटी वाचून हसावं, असा तिचा हिशेब होता. नऊ वर्षांची असताना तिनं एकदा गंमत म्हणून नळीत डोकावलं होतं, तेव्हा बापानं, आबांनी, तिच्या अशी मुस्काटात दिली होती की दोन दिवस कान वाजत होता. बंदूक रिकामी असली तरी नळीसमोर तोंड न्यायचं नाही. हे ज्यानं शिकवलं, तो स्वतः नळीला तोंड लावेल हे तिला मरेपर्यंत पटणार नव्हतं.

एकच गोष्ट तिला छळायची. त्या दिवशी घरून धावत दुकानात सगळ्यात आधी ती पोचली होती. आबांचा चेहरा पुढून शाबूत होता, आणि ओठांवर काळा गोल वळ उमटलेला होता, नळीच्या तोंडाच्या मापाचा. बाकी सगळ्याला तिच्याकडं उत्तर होतं. त्या वळाला नव्हतं.

२

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावते तोवर जोतीराम पायरीशी येऊन उभा राहिला. गगनबावड्याकडचा शेतकरी, सत्तरीला टेकलेला. काखेत पोत्यात गुंडाळलेली बंदूक आणि हातात कोर्टाचा कागद. बंदूक तीच होती. रानडुकरं हाकायला त्याच्या घरात तीन पिढ्या असलेली, आणि आबांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षं पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिलेली.

"पोरी, खंडेनवमीला पूजंत ठिवायची हाय," तो म्हणाला. "अकरा वरसं पाट मोकळा ऱ्हायलाय. ठासणीचं काम आता तुज्याबिगर कोण करतंय?"

"ही बंदूक घिऊन ह्या दुकानाची पायरी चढलासा. तुमची बी छाती मोठीच म्हनायची, काका."

जोतीरामनं मान खाली घातली. बंदूक टेबलावर ठेवताना सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "रिकामीच हाय."

संयोगिताच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच माणसानं, हेच म्हटलं होतं. तिनं बंदूक उचलून त्याच्या काखेत परत कोंबायला हवी होती. तसं न करता ती म्हणाली, "काम करून देते. पर एक अट हाय. सातव्या माळंला यायचं, त्या चावाल्या केरबाच्या गाड्याम्होरं उभं ऱ्हायाचं, आणि आबांनी त्या दिवशी काय केलं आणि काय न्हाय त्ये चार मानसांत खरं सांगायचं. मग बंदूक."

तो टोपी सारखी करून निघून गेला.

तिनं आबांचा लोखंडी गज काढला. ठासणीची बंदूक पुढून भरतात, त्यामुळं ती उघडून आत बघता येत नाही. म्हणून गज आधी बाहेरून नळीला लावायचा, नळीच्या लांबीवर त्याला तांबडा दोरा बांधायचा आणि मग तो आत सोडायचा. दोरा नळीच्या तोंडाशी टेकला की आत काही नाही. वर राहिला, तर जेवढा वर तेवढी आत दारूची भर. आळशी लोक एवढं करत नाहीत. ते नळीत फुंकतात आणि बार पेटवणारी टोपी बसते त्या मागच्या भोकावर बोट धरून वारा लागतो का बघतात. अशा किती जणांच्या गोष्टी झाल्या आहेत, त्याला गणती नाही.

गज आत गेला. दोरा बरोबर तोंडाशी टेकला. जोतीराम खरं बोलत होता, निदान या वेळी.

मग तिनं गजाला फडकं गुंडाळून नळी पुसली. अकरा वर्षं खोलीत पडलेल्या बंदुकीतून गंज निघायला हवा होता, निदान कोळ्याचं जाळं तरी. फडकं स्वच्छ आलं. पण ओलं आलं, आणि हाताला कोमट लागलं. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, लोखंडाला घाम सुटतो, असं स्वतःशी म्हणून तिनं फडकं वाळत टाकलं.

३

तिसऱ्या माळेला दोरा दोन बोटं वर राहिला.

गज नळीत, आणि दोरा तोंडापासून दोन बोटं वर. दुकानाला रात्री दोन कुलपं असतात, दोन्हींच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तिनं गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आत फिरवलं, भर असेल तर ओढून काढायला. काहीच लागलं नाही. परत गज सोडला, तर दोरा तोंडाशी. दोरा सरकला असणार. तिनं तो सोडून नव्यानं बांधला आणि वर लाखेचा थेंब टाकला, म्हणजे सरकायचं नाव नको.

चौथ्या माळेला दोरा चार बोटं वर होता आणि लाख जागच्या जागी होती.

यावेळी तिनं मळसूत्र फिरवलं नाही. नळीच्या तोंडापासून वीतभर लांब हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. तळव्याला काहीतरी लागत होतं. वारा म्हणावा तर तो एका दिशेनं येतो. हे येत होतं आणि जात होतं. त्याला तंबाखूचा वास होता, चुना जास्त घातलेल्या. आबा तसाच खायचे. दुकानाच्या भिंतीत तो वास अजून मुरलेला आहे, यात काही विशेष नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते सांगत असताना हात मागं घेतला.

तेवढ्यात केरबा चहा घेऊन आला. बोळाच्या तोंडाशी त्याचा गाडा, तीस वर्षं झाली. आकाराम मिस्त्रीची गोष्ट शहराला पहिल्यांदा सांगितली ती यानंच, आणि अजून सांगतो. संयोगिता त्याच्याशी कामापुरतं बोलते, पण चहा त्याचाच पिते, कारण चहा चांगला असतो.

"आक्का, मिसरी लावाय लागलासा काय?" तो हसत म्हणाला. "व्हट काळं झाल्यात."

तिनं मनगटानं तोंड पुसलं. मनगटाला काजळी आली. दिवसभर तेलात आणि काजळीत हात असतात, तोंडाला गेला असेल हात.

"तुजा चा पिऊन काळं झाल्यात," ती म्हणाली. केरबा हसत गेला.

४

पाचव्या माळेला गिरणीवाला सोडला तर सगळा बोळ टेंबलाईच्या यात्रेला गेलेला होता. दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज थांबला, आणि संयोगितानं जरा बरं वाटून मान खुर्चीला टेकवली.

तेव्हा तिला ते ऐकू आलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर होतो तसा घुमणारा आवाज, हळू. थोडा वेळ थांबायचा, परत व्हायचा. लाईट असताना तो गेले दोन दिवस येतच होता आणि पंख्याचा वारा नळीच्या तोंडावरून जातो म्हणून होतो, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आता पंखा बंद होता.

ती उठली. बंदूक भिंतीशी उभी होती, तोंड वर. दोन पावलांवर ती थांबली. मधेच आवाज अडखळला आणि आतून कोणीतरी खाकरलं. आबा सकाळी दुकान उघडताना खाकरायचे, तीन वेळा, दोन आखूड आणि एक लांब. दोन आखूड झाले. ती तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता यायचं नाही.

लाईट आली, पंखा फिरला, गिरणी सुरू झाली. तेव्हा ती बंदुकीच्या अगदी जवळ उभी होती, दोन्ही हात नळीवर. दोन पावलं कधी टाकली ते तिला आठवत नव्हतं.

संयोगिता घाबरली, हे सांगायला हवं. पण घाबरल्यावर काही माणसं पळतात आणि काही चिडतात. ती चिडली. आबांचा आवाज चोरून कोणी तिला बोलवत असेल, तर तिला ते अजिबात आवडलेलं नव्हतं. तिनं लाकडाचं बूच तासलं, हातोडीनं नळीच्या तोंडात ठोकून बसवलं, आणि बंदुकीकडं पाठ करून राहिलेलं काम संपवलं.

सहाव्या माळेला बूच टेबलाखाली पडलेलं सापडलं. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. उंदरांच्या असतील. तिनं त्या फार निरखून पाहिल्या नाहीत.

५

सातव्या माळेला जोतीराम आला, अकराच्या सुमाराला. दुकानात पाऊल न टाकता पायरीवरच बसला.

"बंदूक न्यायला आलो न्हाय," तो म्हणाला. "तुजी अट तेवढी पुरी कराय आलोय."

"आदी मला सांगा."

जोतीरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बंदूक रिकामी हुती. ज्योतिबाची आन घिऊन सांगतो. त्या दिवशी मी ती न्यायला आलतो, तवा माज्या देखत आबांनी गज सोडला. तांबडा दोरा अगदी तोंडाला टेकला. आबाच म्हनले, रिकामी हाय. मग म्हनले, जोतीराम, तू चा पिऊन ये, मला जरा काय तरी ऐकायचं हाय. मी गाड्यावर गेलतो. निम्मा कप पिऊन झाला आन् बार उडाला. घोड्याखाली टोपी बी नव्हती, पोरी."

"मग लोकांस्नी का सांगिटलासा, त्यांनी खुळ्यागत फुकलं म्हनून?"

"भरलेली बंदूक दिली म्हनून माज्यावर आलं असतं की. मी म्हनलो, मी काय बगितलं न्हाय, त्यांनी फुकलं आसंल. केरबानं पुढचं केलं." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मानूस लई शाना हुता. माज्यामुळं समद्या मुलखानं त्याला हसून घेतलं."

संयोगिताच्या डोळ्यांना धारा लागल्या. अकरा वर्षं ती ज्या एका वाक्यासाठी भांडत होती ते तिला मिळालं होतं. आबांनी गज सोडला होता. आबांनी चूक केली नव्हती. तिनं म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला गाड्यापर्यंत नेलं. तिथं उभ्या असलेल्या सहा-सात जणांसमोर जोतीरामनं सगळं पुन्हा सांगितलं, आबांचं 'ऐकायचं हाय' तेवढं सोडून. कोणी हसलं नाही. केरबा पातेल्यातला चहा उगाचच ढवळत राहिला.

जोतीराम तिथूनच स्टँडकडं निघाला. जाताना फक्त म्हणाला, "त्या बंदुकीचं तुज्या मनाला यील त्ये कर. मागाय मी यायचा न्हाय."

६

थोड्या वेळानं केरबा चहा घेऊन दुकानात आला. ग्लास टेबलावर ठेवून तो तसाच उभा राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"मी आजपास्नं ती गोष्ट सांगायचा न्हाय, आक्का."

"सांगायची. पर जोतीरामकाकांनी सांगिटली तशी."

केरबानं मान डोलावली. मग तिच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "मगाशी म्हाताऱ्याम्होरं बोललो न्हाय. तुमच्या व्हटाला परत लागलंय."

भिंतीवर आबांचा दाढीचा आरसा अजून लटकत होता. संयोगितानं त्यात पाहिलं. सकाळपासून तिनं कामाला हात लावलेला नव्हता. हात धुतलेले, कोरडे होते. ओठांवर मात्र काळा गोल वळ होता, कडा अगदी स्पष्ट, नळीच्या तोंडाच्या मापाचा.

"आबांच्या बी लागायचं," केरबा मागून म्हणाला. "त्या साली. बंदूक आली त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. मी रोज म्हनायचो, आबा, मिसरी लावाय लागलासा काय. त्ये पुसायचे. त्यांस्नी बी ठाव नसायचं कशानं लागलं. आठव्या माळंला पुसायच्या आदीच…"

उद्या आठवी माळ होती.

संयोगिता आरशातल्या त्या वळाकडं बघत राहिली. तिला भीती वाटत होती आणि त्याच वेळी छातीवरचा अकरा वर्षांचा धोंडा खाली उतरला. आबांनी नळीला तोंड लावलं होतं. पण ते लावताना आबा भानावर नव्हते, जशी ती गेले पाच दिवस कधी ना कधी भानावर नव्हती. तो मूर्खपणा नव्हता. त्यांना कोणीतरी ओळखीच्या आवाजात बोलावलं होतं, आणि आवाज कुणाचा ते ऐकायला ते थांबले होते. तिच्या आईला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

"केरबा," ती म्हणाली, "बाहीर थांब. दार लावू नगंस. मी त्या नळीपाशी वाकले तर माझी वेणी धरून वडायची, लाजायचं न्हाय."

तिनं ओठ पुसले, स्वच्छ पांढरं फडकं चौपदरी करून तोंडावर बांधलं आणि मागं करकचून गाठ मारली. लाकडी दस्त्यापासून नळी सोडवून ती शिकंज्यात आडवी आवळली. दुसऱ्याची परवान्याची बंदूक कापणं हा गुन्हा आहे, परवाना जाईल, पाटी उतरेल. उतरू दे, असं म्हणून तिनं आधी मागच्या भोकाला मेण लावलं, नळी जरा तिरपी केली आणि तोंडातून पाणी ओतलं. आत दारू असलीच तर भिजून जावी म्हणून. एवढ्या नळीत पेलाभर पाणी मावतं. तिनं अख्खा तांब्या ओतला. पाणी तोंडापर्यंत आलं नाही आणि खाली जमिनीवर एक थेंब पडला नाही. आतून घोट गिळल्यासारखा आवाज मात्र तीनदा आला.

तिनं लोखंड कापायची हॅक्सॉ उचलली आणि नळीच्या मध्यावर चालवायला सुरुवात केली.

पात्याचा आवाज मोठा होता, पण त्याच्या खालून तिला खाकरणं ऐकू येत होतं. दोन आखूड. मग, अकरा वर्षांनी पहिल्यांदा, तिसरं लांब. मग आबा म्हणाले, "संयो, जरा हिकडं ये गं." घरात कोणी तिला संयो म्हणत नसे, फक्त आबा. तिचा हात एकदा थांबला. फडक्याआड ती रडत होती.

"माझ्या आबांनी मला नळीसमोर कदी बोलावलं नसतं," ती फडक्यातूनच मोठ्यानं म्हणाली. "मुस्काटात दिली असती." आणि तिनं पातं पुन्हा रेटलं.

पातं नळीच्या वरच्या कडेतून आरपार गेलं, तेव्हा फटीतून कोमट वारा तिच्या हातावर आला. ती वाकली नाही. उभ्या उभ्याच तिला त्या फटीतून आत दिसलं ते एवढंच, की नळीच्या पोकळीत काहीतरी ओलं, लालसर, कातडीचं होतं, आणि पात्याचा स्पर्श होताच ते मिटलं. मग ते मागं सरकलं, दस्त्याकडच्या अर्ध्यात.

तिनं पातं खालपर्यंत नेलं आणि तोंडाकडचा अर्धा भाग खणकन फरशीवर पडला. तो नुसता लोखंडाचा होता.

"आक्का, झालं काय?" दारातून केरबानं विचारलं. तो जागचा हलला नव्हता.

संयोगितानं श्वास घ्यायला मागची गाठ सोडली आणि फडकं हातात घेतलं. बाहेरून ते पांढरंशुभ्र होतं. आतल्या बाजूला, तिच्या ओठांशी टेकली होती तिथं, काळा गोल वळ उमटलेला होता.

तिनं तो केरबाला दाखवला नाही. वळ आतल्या पदरांत जाईल अशी नवी घडी घातली, फडकं परत तोंडावर बांधलं, गाठ पहिल्यापेक्षा घट्ट मारली. शिकंज्याचा दांडा फिरवून उरलेला अर्धा भाग तिनं पुढं घेतला.

"झालं न्हाय अजून," ती म्हणाली. "तू थांब तितंच." आणि तिनं पात्याला तेल लावलं.